पणजीची खूण पेडण्याला का पडते: ब्राउझरमध्ये माउसचा ठिकाणा वाचताना

फोंड्याहून, संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. ती गोव्याचा नकाशा असलेलं वेबपान करते आहे. नकाशावर क्लिक करून फेरीबोटीचे धक्के नोंदवायचे, म्हणजे पणजी–बेती, रायबंदर–चोडण असे. पान उघडल्या उघडल्या पणजीवर क्लिक केलं तर खूण पणजीवरच पडते. पान जरा स्क्रोल केलं की तीच खूण उत्तरेला पडायला लागते, आधी म्हापसा, मग पेडणे. म्हणून क्लिकची जागा वाचायला तिने क्लायंट-एक्स काढून ऑफसेट-एक्स घातलं (दोन्ही काय ते पुढे येतं). आता बहुतेक खुणा बरोबर येतात, पण मधूनच एखादी वरच्या डाव्या कोपऱ्यात, तेरेखोल ओलांडून थेट सिंधुदुर्गात जाऊन बसते. फोनवर तर एकही खूण जागेवर नाही. शिवाय तिला हेही विचारायचं आहे की माउस आत्ता कुठे आहे हे हवं तेव्हा सांगणारं फंक्शन ब्राउझरमध्ये का नाही.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे गैरसमज राहिला की पुढचं सगळं वाकडं जातं. असं फंक्शन नाही, आणि मी या कामात आलो तेव्हापासून कधी नव्हतं. ब्राउझर पॉइंटरची, म्हणजे माउसच्या बाणाची किंवा बोटाची, जागा फक्त घटनेबरोबर सांगतो. माउस हलला, बटण दाबलं, बोट टेकलं, तेव्हा जो इव्हेंट तुझ्या हाती येतो त्याच्या पोटात आकडे असतात. पान नुकतंच उघडलंय आणि वापरणाऱ्याने माउसला हातच लावलेला नाही, तर तो कुठे आहे हे तुझ्या स्क्रिप्टला कळायचा मार्ग नाही. हे मला योग्यच वाटतं. माझी खिडकी सोडून माणूस स्क्रीनवर दुसरीकडे काय करतोय ही माझ्या पानाची चौकशी नव्हे. तुला नंतर जागा लागणार असेल तर डॉक्युमेंटवर पॉइंटरमूव्हचा लिसनर (पॉइंटर हलला की चालणारं फंक्शन) लाव, शेवटचे क्लायंट-एक्स आणि क्लायंट-वाय दोन व्हेरिएबलमध्ये ठेव आणि लागेल तेव्हा तिथून वाच. पहिला इव्हेंट येईपर्यंत ते रिकामे राहणार, तेवढं धरून चाल. नावं मी इथे आपण तोंडाने म्हणतो तशी लिहितो आहे. कोडमध्ये टाइप करताना शेवटचा एक्स आणि वाय कॅपिटल, नाहीतर अनडिफाइन्ड मिळेल आणि तासभर जाईल.

आता मूळ दुखणं. आपल्याकडे जमिनीची मोजणी करायला सर्व्हेयर येतो तेव्हा आल्या आल्या टेप काढत नाही, आधी शिवेचा दगड शोधतो. दगड चुकला तर टेप कितीही ताणून धरली तरी मोजणी वाया. तुझ्या कोडमध्ये टेप बरोबर आहे, दगड प्रत्येक वेळी वेगळा आहे. एकाच क्लिकच्या इव्हेंटमध्ये चार जोड्या असतात आणि चारही खऱ्या असतात. स्क्रीन-एक्स मॉनिटरच्या कोपऱ्यापासून मोजलेला असतो. क्लायंट-एक्स ब्राउझरच्या खिडकीत पान दिसतं त्या भागाच्या कोपऱ्यापासून. पेज-एक्स संपूर्ण पानाच्या सुरुवातीपासून, म्हणजे स्क्रोल होऊन वर गेलेला भागही त्यात धरलेला. आणि ऑफसेट-एक्स पानाच्या ज्या घटकावर, म्हणजे एलिमेंटवर, क्लिक झालं त्याच्या बॉर्डरच्या आतल्या कोपऱ्यापासून. चारही ठिकाणी कोपरा म्हणजे डावा-वरचा, आणि वाय खाली जाताना वाढतो, शाळेतल्या आलेखाच्या उलट. स्क्रीनची जोडी विसरून जा. नकाशाच्या कामात तिचा उपयोग नाही.

तुझाच नकाशा घेऊन आकडे मांडतो. समज, नकाशा ४३० पिक्सेल रुंद आणि ६०० उंच आहे, आणि पानाच्या डावीकडून २४० व वरून ३०० पिक्सेलवर सुरू होतो. गोवा दक्षिणोत्तर साधारण १०० किलोमीटर धरला तर एका किलोमीटरला ६ पिक्सेल. पणजी नकाशात डावीकडून १०० आणि वरून २१० च्या आसपास येते. पान स्क्रोल केलेलं नाही. तू पणजीवर क्लिक करतेस. क्लायंट येतो ३४० आणि ५१०, पेजसुद्धा ३४० आणि ५१०. दोन्ही दगड एकाच जागी आहेत, म्हणून फरक दिसत नाही आणि आपल्याला वाटतं कोड बरोबर आहे. आता १५० पिक्सेल स्क्रोल कर. पणजी स्क्रीनवर वर सरकली, त्यामुळे क्लायंट-वाय ३६० झाला. पेज-वाय मात्र ५१० च राहिला, कारण पानातली पणजीची जागा बदललेली नाही. तू खूण बॉडीमध्ये, म्हणजे थेट पानात, ॲब्सोल्यूट (आकडे देऊन नेमक्या जागी) लावून तिचा टॉप, म्हणजे वरून अंतर, दिलास ३६०. ॲब्सोल्यूटचा तो टॉप पानाच्या सुरुवातीपासून मोजला जातो. म्हणजे वाचलं खिडकीच्या दगडापासून आणि ठेवलं पानाच्या दगडापासून. फरक बरोबर १५० पिक्सेल, म्हणजे २५ किलोमीटर उत्तरेला, म्हणजे पेडणे. ६५ पिक्सेल स्क्रोल केलं असतं तर म्हापसा. तुझी चूक मुळीच गूढ नव्हती, ती स्क्रोलएवढीच होती.

यावर बरेच जण सांगतील की पेज-एक्स वापर, झालं. या एका अडचणीपुरतं ते चालेल. पण उद्या नकाशा स्वतःच स्क्रोल होणाऱ्या एखाद्या डिव्हमध्ये (पानावरच्या चौकोनी कप्प्यात) गेला, किंवा पानाच्या एखाद्या फिक्स्ड, म्हणजे स्क्रोल केलं तरी न हलणाऱ्या, पट्टीत बसला, की पेज-एक्स पुन्हा दगा देईल. पानाच्या स्क्रोलचा हिशोब तो ठेवतो, आतल्या डिव्हच्या स्क्रोलचा नाही.

ऑफसेटचं काय झालं ते बघू. नाव वाचून वाटतं की हेच हवं होतं, नकाशाच्या कोपऱ्यापासूनचं अंतर. आणि नकाशा रिकामा असेपर्यंत ते बरोबरही येतं. पण ऑफसेट मोजला जातो तो टार्गेटपासून, म्हणजे क्लिक प्रत्यक्ष ज्यावर पडलं त्या सगळ्यात आतल्या एलिमेंटपासून. तू लिसनर नकाशावर लावलास म्हणून टार्गेट नकाशाच असेल असं नाही. रायबंदरची खूण आधी नकाशात बसलेली आहे आणि तिच्या शेजारी नवी लावताना तुझं क्लिक त्या जुन्या खुणेच्या चित्रावर पडलं. ते क्लिक बबल होत, म्हणजे आतल्या एलिमेंटवरून बाहेरच्याकडे चढत, नकाशापर्यंत आलं, तुझं फंक्शन चाललं, पण ऑफसेट आला ९ आणि १४, कारण तो २४ बाय ३२ च्या त्या चिमुकल्या चित्राच्या कोपऱ्यापासून मोजला होता. तू तेच आकडे नकाशाचे समजून खूण लावलीस आणि ती कोपऱ्यात गेली. मधूनच होतं असं तू लिहिलंयस, ते यामुळेच. खुणांना सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) पॉइंटर-इव्हेंट्स नन दिलं तर क्लिक त्यांच्यातून आरपार नकाशावर पडेल आणि हे थांबेल. पण पुढे तुला खूण ओढून सरकवायची असेल, तिच्यावर क्लिक करून धक्क्याची माहिती दाखवायची असेल, तेव्हा हा उपाय आडवा येईल.

मी गेली कितीतरी वर्षं एकच रीत वापरतो. नकाशाच्या डिव्हला त्याच क्षणी विचारायचं की तू आत्ता खिडकीत कुठे आहेस. त्यासाठी गेट-बाउंडिंग-क्लायंट-रेक्ट आहे. तो लेफ्ट, टॉप, विड्थ, हाइट देतो, आणि महत्त्वाचं म्हणजे खिडकीच्या त्याच कोपऱ्यापासून देतो जिथून क्लायंट-एक्स मोजलेला असतो. दगड एक. मग क्लायंट-एक्स वजा रेक्टचा लेफ्ट, क्लायंट-वाय वजा रेक्टचा टॉप. वरच्या उदाहरणात स्क्रोलनंतर रेक्टचा टॉप १५० येईल, ३६० वजा १५० म्हणजे २१०. स्क्रोलच्या आधी टॉप ३०० होता, ५१० वजा ३०० म्हणजे पुन्हा २१०. पान सरको, आतला डिव्ह सरको, पट्टी फिक्स्ड असो, वजाबाकी तीच. रेक्ट काढताना इव्हेंटचा करंट-टार्गेट घे, टार्गेट नको. करंट-टार्गेट म्हणजे ज्यावर लिसनर लावला ते एलिमेंट, म्हणून खुणेवर क्लिक पडलं तरी माप नकाशाचंच राहतं.

इथे एक कळकळीची सूचना. आलेला २१० तसाच साठवू नकोस. रेक्टच्या हाइटने भाग. २१० भागिले ६०० म्हणजे ०.३५. तसंच १०० भागिले ४३० म्हणजे साधारण ०.२३२६. हे अपूर्णांक डेटाबेसमध्ये ठेव आणि खूण लावताना लेफ्ट २३.२६ टक्के, टॉप ३५ टक्के असं दे. फोनवर तोच नकाशा ३४४ बाय ४८० झाला तर पणजी ८० आणि १६८ वर यायला हवी. टक्के दिलेस तर ती आपोआप येते. पिक्सेल दिलेस तर लॅपटॉपवरचा २१० फोनवर खाली दक्षिणेत जातो. तुझ्या फोनच्या तक्रारीचं मूळ हेच असणार, निदान मोठा भाग.

टक्के बिनचूक बसायला नकाशाच्या डिव्हला पोझिशन रिलेटिव्ह हवं आणि खुणा त्याच्या आत हव्यात. त्या डिव्हला बॉर्डर देऊ नकोस, हवी तर बाहेरच्या डिव्हला दे. रेक्ट बॉर्डरसकट मोजतो आणि टक्के बॉर्डरच्या आतून मोजले जातात, त्यामुळे दोन-तीन पिक्सेलची खोट राहते. ती शोधताना माणूस रडकुंडीला येतो, कारण चूक इतकी लहान असते की डोळ्यांवरच संशय येतो. नकाशा इमेज टॅगने लावला असशील तर तिला डिस्प्ले ब्लॉक दे. इमेज मुळात मजकुराच्या ओळीतल्या अक्षरासारखी बसते आणि तिच्या खाली अक्षरांच्या शेपटांसाठी थोडी जागा सुटते. डिव्ह तेवढा उंच होतो आणि नकाशाचा आकार बदलला की काणकोणाकडे जाऊ तसा वायमधला फरक वाढत जातो. पेडण्याला बरोबर आणि काणकोणला चूक असं दिसलं की आधी ही जागा बघायची. आणि खूण म्हणजे टोकदार पिन असेल तर तिचं खालचं टोक बिंदूवर यायला हवं, कोपरा नव्हे. ट्रान्सफॉर्ममध्ये ट्रान्सलेट उणे ५० टक्के, उणे १०० टक्के.

रेक्ट दर वेळी का काढायचा, एकदा काढून ठेवला तर वेग वाढेल ना, असं तुझ्या मनात येईल. माझ्याही आलं होतं. काही वर्षांपूर्वी एका नाट्यगृहाच्या तिकीटविक्रीचं पान मी केलं. आसनांचा नकाशा कॅनव्हासवर, म्हणजे कोडने चित्र काढायच्या चौकटीवर, प्रत्येक रांग ३२ पिक्सेलची. पान लोड झालं की रेक्ट एकदा काढून ठेवला. माझ्या यंत्रावर महिनाभर चाचणी, सगळं चोख. विक्री सुरू झाली त्या सकाळी फोन यायला लागले: एफ रांगेवर क्लिक करतो, रंग एचला चढतो. झालं असं की विक्रीच्या दिवशी पानाच्या वर प्रयोगाची जाहिरात लावली होती, ६४ पिक्सेल उंच. ती चित्राची फाइल उशिरा उतरायची आणि उतरली की सगळा नकाशा ६४ पिक्सेल खाली ढकलायची. माझा साठवलेला टॉप जुनाच. ६४ म्हणजे बरोबर दोन रांगा. ज्यांच्याकडे चित्र आधी उतरायचं त्यांना काहीच जाणवत नव्हतं, म्हणून कारण सापडायला दुपार झाली. आधी पैसे भरलेल्या लोकांना दोन रांगा मागे बसावं लागलं. नाटकाला हौसेने येणारी आपली माणसं, मला फार लागलं ते. तेव्हापासून क्लिकच्या वेळी रेक्ट ताजाच काढतो. एका क्लिकला एकदा रेक्ट काढणं काहीच महाग नाही.

महाग पडतं ते पॉइंटरमूव्हमध्ये, आणि तेही तू त्याच फंक्शनमध्ये आधी स्टाइल बदलून मग रेक्ट विचारलास तर. ब्राउझरला अर्धवट राहिलेली मांडणी तिथल्या तिथे पूर्ण करावी लागते. म्हणून क्रम असा ठेव: इव्हेंटमध्ये फक्त आकडे टिपायचे, आणि रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेममध्ये आधी रेक्ट वाचून मग खूण हलवायची. स्क्रीन सेकंदाला ६० वेळा ताजी होत असेल तर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्याहून वारंवार हलवून डोळ्याला काही दिसत नाही.

फोनसाठी माउसचे इव्हेंट वेगळे आणि टचचे वेगळे असं दुहेरी कोड लिहू नकोस. टचचे इव्हेंट वाचताना क्लायंट-एक्स इव्हेंटवर सापडत नाही, टचेसच्या यादीतल्या पहिल्या नोंदीवर असतो, आणि बोट उचललं की ती यादी रिकामी होते, मग चेंज्ड-टचेसमध्ये शोधावं लागतं. या कटकटीतून पॉइंटर इव्हेंट्सनी सोडवलं आहे. वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने ते २०१५ मध्ये प्रमाण म्हणून जाहीर केले, आणि २०१९ मध्ये सफारीच्या १३ व्या आवृत्तीतही आल्यावर बहुतेक सगळीकडे चालू लागले. पॉइंटरडाउन, पॉइंटरमूव्ह, पॉइंटरअप. माउस, बोट, पेन, तिघांनाही तेच क्लायंट-एक्स. कोणी दाबलं हे हवं असेल तर पॉइंटर-टाइप विचार.

खूण ओढून सरकवायची असेल तर तीन गोष्टी सांभाळ. पॉइंटरडाउनला खुणेवर सेट-पॉइंटर-कॅप्चर लाव, म्हणजे बोट खुणेबाहेर गेलं, माउस खिडकीबाहेर गेला, तरी इव्हेंट खुणेलाच मिळत राहतात. नाहीतर खूण अर्ध्या वाटेत मांडवीत अडकते आणि बटण सोडल्याचं तुला कळतच नाही. मात्र हे लिसनर खुणेवर लावलेस तर करंट-टार्गेट खूण असेल, तेव्हा रेक्ट मुद्दाम नकाशाचा काढ. दुसरं, दाबल्या क्षणी पॉइंटर आणि खुणेचं टोक यांत किती अंतर होतं ते टिपून ठेव आणि सरकवताना वजा कर, म्हणजे खूण हाताखाली उडी मारत नाही. तिसरं, सीएसएसमध्ये टच-ॲक्शन नन. ते नसेल तर फोनला वाटतं तू पान स्क्रोल करते आहेस, पॉइंटरकॅन्सल येतो आणि ओढणं तुटतं. पण ते खुणेलाच दे, अख्ख्या नकाशाला नको. फोनवर नकाशा स्क्रीनभर असतो, त्याच्यावर बोट ठेवून पान सरकेना झालं तर माणूस तिथेच कोंडला जातो.

पुढे नकाशावर कदंबाच्या बसमार्गांच्या रेघा कॅनव्हासवर काढणार असशील, तर कॅनव्हासला दोन मापं असतात हे आत्ताच लक्षात घे. एक त्याच्या विड्थ ॲट्रिब्यूटचं, ज्यात तू रेघ काढतेस, आणि एक सीएसएसने स्क्रीनवर दिसणारं. ॲट्रिब्यूट दिलंच नाहीस तर ते ३०० बाय १५० धरतं आणि सीएसएस त्याला रबरासारखं ताणतं. म्हणून वजाबाकीनंतर आलेल्या एक्सला कॅनव्हासची विड्थ भागिले रेक्टची विड्थ एवढ्याने गुण. वायला हाइटचं तेच प्रमाण. फोनवर रेघ ठळक दिसावी म्हणून कॅनव्हास डिव्हाइस-पिक्सेल-रेशोच्या (सीएसएसच्या एका पिक्सेलमागे स्क्रीनचे खरे पिक्सेल किती त्याच्या) पटीत मोठा केलास तरी हे प्रमाण बरोबर राहतं. एसव्हीजी (रेघा आकड्यांत लिहिलेलं चित्र) वापरलंस तर व्ह्यूबॉक्समुळे, म्हणजे चित्राच्या स्वतःच्या मापांमुळे, हा हिशोब हाताने करू नकोस. गेट-स्क्रीन-सीटीएम चित्रातल्या मापांवरून स्क्रीनवरची जागा काढायचं गणित देतो, त्याचा इन्व्हर्स (उलटं गणित) घेऊन बिंदू त्यातून काढ. आणि नकाशा रोटेट केलेला असेल तर रेक्ट त्याच्या भोवतीच्या सरळ चौकटीचा येतो, वजाबाकी लागू पडत नाही. नकाशा न फिरवलेलाच बरा.

इंटरनेटवर शोधताना तुला डॉक्युमेंट-ऑल, विंडो-इव्हेंट, बॉडीचा स्क्रोल-लेफ्ट मिळवून दोन पिक्सेल वजा करणारं लांबलचक कोड सापडेल. इंटरनेट एक्सप्लोररला नवव्या आवृत्तीच्या आधी पेज-एक्सच नव्हता, त्या काळची ती सोय. १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने त्या ब्राउझरचा आधार थांबवला. फायरफॉक्समध्ये ऑफसेट-एक्स २०१५ मध्ये आला, त्याआधीच्या उत्तरांत त्यासाठीही जुगाड दिसतील. ते काही उचलू नकोस.

एक मात्र विसरू नकोस. सगळे माउस किंवा बोट वापरत नाहीत. कुणी टॅब दाबत बटणावर येऊन एंटर मारला तरी क्लिकचा इव्हेंट येतो, पण क्लायंट-एक्स आणि वाय दोन्ही शून्य असू शकतात, आणि तुझी वजाबाकी त्यातून निरर्थक जागा काढेल. ज्याला दिसत नाही किंवा ज्याचा हात थरथरतो त्याने नकाशावर बेतीचा धक्का कसा शोधायचा? नकाशाशेजारी १२ तालुक्यांची साधी यादी दे, तालुका निवडला की त्यातले धक्के दिसावेत. अर्ध्या दिवसाचं काम आहे, प्रोजेक्टमध्ये ते नक्की कर.

तपासायचं कसं तेही सांगतो. पानाच्या कोपऱ्यात एक छोटी फिक्स्ड पेटी कर आणि पॉइंटरमूव्हला तिच्यात क्लायंट, पेज, ऑफसेट आणि तुझी वजाबाकी अशा चार ओळी छापत राहा. पेटीला पॉइंटर-इव्हेंट्स नन दे, नाहीतर तीच टार्गेट होईल. मग पॉइंटर पणजीवर ने, आकडे बघ, पान १५० पिक्सेल स्क्रोल कर, पुन्हा पणजीवर ने. वजाबाकीची ओळ जिथे होती तिथेच दिसायला हवी. जुन्या खुणेवर पॉइंटर नेऊन बघ, ऑफसेट उडी मारेल, वजाबाकी नाही. नंतर पणजीवर तीनदा क्लिक कर: एकदा पान वर असताना, एकदा स्क्रोल करून, एकदा खिडकी अर्ध्या रुंदीची करून. तिन्ही पिना एकावर एक बसायला हव्यात. एखादी बाजूला पडली तर ती किती पिक्सेल आणि कुठल्या दिशेला पडली ते मोजून इथेच लिही, त्या आकड्यावरून कुठला दगड चुकलाय ते सांगता येईल.